रुळाच्या जुन्या खिळ्यापासून भिंतीवरची खुंटी : नागपुरातील हौशी लोहारकामाची पहिली पायरी

लोहारकामाचे व्हिडिओ पाहून ज्यांना या छंदाची ओढ लागते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना सर्वांत आधी रेल्वेच्या जुन्या खिळ्यापासून काहीतरी घडवावेसे वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. खिळा हातात मावतो, त्याचे डोके आयतेच घडलेले असते आणि लोखंड मऊ असल्यामुळे ते नवख्या हातालाही दाद देते. मात्र हे व्हिडिओ प्रामुख्याने अमेरिकेतील असतात, आणि तिथला खिळा, तिथले इंधन, तिथला कायदा व तिथली हवा गृहीत धरून दिलेल्या सूचना नागपुरात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. म्हणून हा लेख नागपुरात घराच्या अंगणात शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिला आहे. अनेक वस्तूंची वरवर ओळख करून देण्याऐवजी त्यात एकच वस्तू नीट घडवून दाखवली आहे, ती म्हणजे भिंतीवरची खुंटी.

१. खिळा कोणता, ते समजून घ्या

लाकडी स्लीपरवर रूळ घट्ट धरून ठेवण्यासाठी जो चौकोनी दांड्याचा, एका बाजूला ओठ बाहेर आलेला खिळा ठोकतात, त्याला आपल्याकडे रेल्वेच्या भाषेत ‘डॉग स्पाइक’ म्हणतात. अमेरिकेतील नमुन्याचा दांडा साधारण १६ मिलिमीटर चौरस आणि सहा इंच लांब असतो. आपल्याकडे मिळणारे खिळे मार्गाप्रमाणे कमी-अधिक मापाचे असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या मापांवर विसंबू नका आणि हातातला खिळा स्वतः मोजा. याच ढिगात गोल दांड्याचे खिळे आणि आटे असलेले ‘रेल स्क्रू’ही सापडतात. ते पहिल्या कामाला घेऊ नयेत, कारण आट्यांच्या खाचा ठोकताना लोखंडात दुमडल्या जातात आणि पुढे तिथेच चीर पडते.

आज बहुतेक मार्गांवर काँक्रीटचे स्लीपर आहेत आणि रूळ धरण्याचे काम वळवलेल्या गोल सळईची लवचीक क्लिप करते, त्यामुळे खिळा आता पूर्वीइतका सहज दिसत नाही. नागपुरात मात्र असा समज पक्का आहे की खिळे हवे तेवढे मिळतात, कारण छिंदवाडा आणि नागभीडकडे जाणारे अडीच फुटी नॅरोगेज मार्ग अनुक्रमे २०१५ आणि २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाले. मार्ग बंद झाला म्हणजे त्यावरचे लोखंड बेवारस झाले, असे मुळीच नाही.

२. कागद आधी, लोखंड नंतर

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण बाकीचे सगळे चुकले तरी चालेल, हा चुकता कामा नये. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ यानुसार चोरीची किंवा बेकायदेशीरपणे मिळवलेली असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची मालमत्ता कोणाकडे सापडली, तर ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे दाखवण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच येते. कलम ३ मध्ये पहिल्याच गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. एका गंजलेल्या खिळ्यासाठी कोण विचारणार, असे म्हणून चालत नाही, कारण कायद्यात खिळा आणि डब्याचे चाक असा भेद नाही. रुळांच्या कडेला पडलेला खिळा उचलणे तर दुहेरी चूक आहे. तो रेल्वेचाच असतो, आणि परवानगीवाचून रुळांवर जाणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली वेगळा गुन्हा ठरतो. बंद पडलेल्या मार्गालाही हे लागू आहे.

सरळ मार्ग दोन आहेत. रेल्वे आपले भंगार ई-लिलावाने विकते आणि त्या लिलावांतील ढीग टनांच्या हिशेबात असल्यामुळे ते मोठे भंगार व्यापारी घेतात. अशा व्यापाऱ्याकडून चार-पाच किलो खिळे पावतीसह घेता येतात. दुसरा मार्ग म्हणजे रेल्वेचे सुटे भाग बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्यांकडून न वापरलेले नवे खिळे घेणे. ते थोडे महाग पडतात आणि किमान खरेदीची अट असू शकते, पण माल स्वच्छ असतो आणि मनाला घोर राहत नाही. दोन-तीन हौशी मंडळींनी मिळून अशी खरेदी केली तर ती परवडते. जुन्याची मौज वेगळी, हे मान्य. तरीही पहिल्या वेळी नव्याचाच विचार करावा असे माझे मत आहे.

जवळ ठेवण्याची कागदपत्रे अशी :
- विक्रेत्याचे नाव, पत्ता व जीएसटी क्रमांक असलेले बिल, ज्यात ‘लोखंडी भंगार’ असे मोघम न लिहिता खिळ्यांचा स्पष्ट उल्लेख आणि वजन आहे;
- माल जुना असल्यास व्यापाऱ्याकडील लिलावाच्या विक्रीपत्राची व माल उचलण्याच्या आदेशाची छायाप्रत;
- खिळ्यांच्या डोक्यांवरील खुणा दिसतील असे, खरेदीच्या दिवशी काढलेले फोटो.

‘बिल कशाला, मी आहे ना’ असे जो म्हणतो, त्याच्याकडचा माल कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा. मला एका ठिकाणी बिल मागितल्यावर निम्म्या भावात देण्याची तयारी दाखवण्यात आली होती, आणि त्या तयारीतच उत्तर मिळाले होते.

३. निवड आणि धुलाई

प्रत्येक खिळा तारेच्या ब्रशने घासून उजेडात फिरवून पाहा. डोक्याच्या लगेच खाली, जिथे दांडा सुरू होतो, तिथे केसासारखी बारीक चीर असेल तर खिळा बाजूला टाका. स्लीपरच्या पृष्ठभागाशी जो भाग येतो तिथे गंजाने खिळा बारीक झालेला असतो. खड्डे उथळ असतील तर ठोकताना ते बसून जातात, पण दांडा एक चतुर्थांशाने झिजला असेल तर त्यातून खुंटी निघणार नाही. पांढुरका-चंदेरी थर दिसला तर तो जस्ताचा असण्याची शक्यता आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे भट्टीच्या तापमानाच्या बरेच खाली, आणि त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो. असा खिळा भट्टीत घालूच नका. रंग लावलेल्या खिळ्याचा रंगही आधी खरवडून काढा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते.

धुण्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. बायो-टॉयलेट येण्यापूर्वी कित्येक दशके डब्यांतील शौचालये थेट रुळांवर मोकळी होत असत, आणि लाकडी स्लीपरांना क्रिओसोट नावाचे डांबरी तेल पाजलेले असे. जुना खिळा या दोन्हींचा वाटेकरी असतो. रबरी हातमोजे घालून खिळे कपडे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी ब्रशने घासावेत आणि उन्हात वाळवावेत. यासाठी वापरलेली बादली पुन्हा घरात वापरू नये.

४. या लोखंडाकडून काय मागावे

खिळ्याची सुरी हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा प्रकार आहे. पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात विझवल्यावर ते कठीण होते, ज्याला आपले लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात, आणि हा गुण त्यातील कार्बनवर अवलंबून असतो. चांगल्या सुरीच्या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के किंवा त्याहून अधिक असतो. खिळा मात्र मुद्दामच मऊ ठेवलेला असतो, कारण गाडीच्या हादऱ्यांखाली त्याने वाकावे, तुटू नये. अमेरिकी खिळ्यांच्या डोक्यावर ‘एचसी’ ही अक्षरे असली की तो जास्त कार्बनचा मानतात, पण तोही साधारण ०.३ टक्क्यांच्या आसपासचाच असतो. त्याला पाणी दिले तर थोडा ताठपणा येतो, धार मात्र टिकत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर खिळ्याचे टोक चुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंशांच्या किंचित वर, तापवा, पाण्यात विझवा आणि त्यावर कानस फिरवा. कानस घसरली तर लोखंड कठीण झाले. कानशीने भुसा काढला तर ते मऊच आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी भुसाच निघतो. सुरी घडवायचीच असेल तर ट्रकच्या कमानीचा पाटा, म्हणजे स्प्रिंगचे पोलाद, पुढे कधीतरी घ्यावे. रेल्वेच्या लवचीक क्लिपही स्प्रिंगच्या पोलादाच्याच असतात, पण त्यांना वर सांगितलेला कायदा तसाच लागू आहे. खुंटी, दाराची मूठ, बाटली उघडणी, कुलपाचा कोयंडा अशा ज्या वस्तूंना धार लागत नाही आणि चिवटपणा लागतो, त्यांच्यासाठी मात्र खिळ्याचे लोखंड अगदी योग्य आहे.

५. भट्टी, ऐरण आणि हत्यारे

भट्टीसाठी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम पुरतो. त्याच्या तळाच्या भोकात दोन इंची लोखंडी पाइप बसवून खालून हवा द्यावी आणि पाइपाच्या तोंडावर भोके पाडलेली जाड लोखंडी चकती ठेवावी. हवेसाठी हाताने फिरवायचा भाता-पंखा सर्वांत चांगला, कारण हात थांबला की हवा थांबते आणि कोळसा उगाच जळत नाही. विजेचा छोटा ब्लोअर वापरला तर हवा कमी-जास्त करण्याची सोय ठेवा.

इंधनाच्या बाबतीत नागपूरकरांची एक हमखास फसगत होते. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे आणि उमरेड, सावनेर, कामठी या भोवतालच्या भागात खाणी आहेत, म्हणून दगडी कोळसा सहज मिळेल आणि तोच वापरावा, असे वाटते. परंतु हा कोळसा मुख्यतः वीजकेंद्रांत जाळण्याच्या प्रतीचा आहे. तो धूर फार करतो, लोहाराला हवा तसा कोक, म्हणजे धूर निघून गेल्यावर उरणारा घट्ट कोळसा, बनून एकत्र धरत नाही आणि राख भरपूर सोडतो. तंदूर व इस्त्रीवाल्यांना पुरवला जाणारा लाकडी कोळसा घ्या. तो लवकर संपतो आणि ठिणग्या उडवतो, पण त्यात गंधक जवळजवळ नसते आणि शेजाऱ्यांच्या घरात धूर जात नाही. गॅसच्या भट्टीचा मोह झाला तर इतके लक्षात ठेवा की घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय इतर कामाला वापरणे नियमबाह्य आहे.

ऐरणीसाठी सगळे व्हिडिओ रुळाचा तुकडा सुचवतात. रूळही रेल्वेचाच असतो, तेव्हा बिल नसेल तर तो नको. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या भंगारात शंभर मिलिमीटर जाडीचे लोखंडी ठोकळे मिळतात. वीस-पंचवीस किलोचा असा ठोकळा बाभळीच्या बुंध्यावर घट्ट बसवला की ऐरणीचे काम भागते. स्वस्त बिडाची ऐरण मात्र घेऊ नका, ती हातोडा परतवत नाही आणि तिच्या कडा तुटून उडतात.

बाकी यादी छोटी आहे : एक किलोचा हातोडा, १६ मिलिमीटर चौरस सळई नीट धरणारी सांडस, जड व्हाइस, पाइप पाना, छिन्नी, सुंभा, कानस, तारेचा ब्रश, आणि पाण्याची व वाळूची प्रत्येकी एक बादली. यातील बरेचसे इतवारीतील लोहाओळीत मिळते. सांडशीवर कंजूषपणा करू नका. जबडा खिळ्याच्या चौकोनावर सपाट बसला पाहिजे, नाहीतर पहिल्याच घावाला तापलेला खिळा निसटून पायावर येतो.

६. जागा, वेळ आणि अंगावरचे कपडे

बंद खोलीत भट्टी पेटवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि तो आल्याचे कळत नाही. गच्चीही टाळावी, कारण उष्णतेने काँक्रीटचे कपचे उडतात. उघड्या अंगणातील माती, वर पत्र्याची सावली, आणि दोन्ही बाजूंनी वारा, ही व्यवस्था उत्तम. सावली केवळ आरामासाठी नाही. लोखंडाचे तापमान रंगावरून ओळखायचे असते, आणि आपल्याकडच्या कडक उन्हात लाल तापलेला खिळाही राखाडी दिसतो. मग माणूस आणखी तापवत राहतो आणि खिळा जाळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतली उतरती संध्याकाळ सर्वांत सोयीची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे जात असताना भट्टीसमोर उभे राहण्याचा अट्टहास करू नये.

कपडे सुती असावेत. टेरीकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते. बूट चामड्याचे, चष्मा संरक्षक, आणि कानात बोळे. ओल्या हातमोज्याने गरम लोखंड धरू नका, त्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. सर्वाधिक भाजणे लाल लोखंडाने होत नाही, काळ्या पडलेल्या लोखंडाने होते, कारण ते थंड दिसते. जमिनीवरचा कोणताही तुकडा उचलण्यापूर्वी त्याच्याजवळ तळहाताची मागची बाजू नेऊन पाहा.

७. खिळ्याआधी सळई

लोहाओळीतून १६ मिलिमीटर चौरस सळईचा एक मीटर तुकडा घ्या. त्याचे वजन सुमारे दोन किलो भरते आणि लोखंड खिळ्याच्या जातीचेच असते. तिच्यावर टोक काढण्याचा आणि पीळ देण्याचा सराव करा. बिलासह मिळवलेले खिळे शिकण्यात वाया घालवू नयेत, इतकाच या टप्प्याचा हेतू आहे.

८. खुंटी घडवणे

आकार असा डोळ्यांसमोर ठेवा : वर खिळ्याचे मूळ डोके, त्याच्याखाली भिंतीला टेकणारा सपाट भाग, मध्ये पीळ, आणि खाली निमुळते होत पुढे वर वळलेले टोक. डोक्याचा ओठ भिंतीपासून बाहेर, म्हणजे आपल्याकडे येईल, हे सुरुवातीलाच ठरवून मागच्या बाजूला छिन्नीने खूण करा.

पहिला ताव, म्हणजे एकदा तापवून ठोकण्याची फेरी, टोकाला द्या. लोखंड नारिंगी-पिवळ्या रंगावर आले की ठोकायला घ्यावे, आणि रंग मंद लाल झाला की हात थांबवून ते परत भट्टीत घालावे. मंद लालच्या खाली ठोकलेले घाव दिसतात खरे, पण ते लोखंड हलवत नाहीत, फक्त त्यात चिरा पाडतात. पांढरा रंग येऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या, तर लोखंड जळते आहे. जळालेला भाग दुरुस्त होत नाही, तो कापूनच टाकावा लागतो.

खिळ्याचे खालचे टोक पाचरीसारखे असते, आणि नवशिक्यांची गोची नेमकी इथे होते. ती पाचर तशीच ताणायला घेतली तर बाहेरचे थर पुढे सरकतात, मधला भाग मागे राहतो आणि टोकाला एक खोल फट तयार होते. म्हणून आधी पाचरीचे दोन्ही कोपरे आत ठोकून टोक बोथट व चौकोनी करावे आणि मगच निमुळते करायला लागावे. सगळा वेळ चौकोनीच ठोका. दर दोन-तीन घावांनी खिळा पाव वळसा फिरवा. हवी ती लांबी मिळाल्यावर चारही कडा मोडून अष्टकोनी आणि शेवटी गोल करा. थेट गोल ठोकत गेलात तर आतून पोकळ चीर पडते. खालचा दीड इंच भाग ताणून साधारण तीन-साडेतीन इंच लांब होतो. अगदी शेवटचे अर्धा सेंटिमीटर ऐरणीच्या कडेवरून खाली वाकवून उलटे गुंडाळा, म्हणजे सदरा फाटणार नाही.

दुसरा ताव डोक्याखालच्या भागाला. ओठाची बाजू वर ठेवून आणि डोके ऐरणीच्या कडेबाहेर लटकते ठेवून, दीड इंच भाग सात-आठ मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत सपाट करा. डोके ऐरणीवर आले तर ते वाकडे होते आणि मग जुन्या खिळ्याची ओळखच जाते.

तिसरा ताव पिळासाठी. इथे घाई करू नका, कारण पीळ समान पडणे हे पूर्णपणे समान तापण्यावर अवलंबून असते. जिथे जास्त ताप तिथे पीळ दाट पडतो, जिथे कमी तिथे विरळ. मधला भाग एकसारखा नारिंगी झाल्यावर सपाट भाग व्हाइसमध्ये पकडा, पिळाच्या खालच्या हद्दीवर पाइप पाना लावा आणि न थांबता एक पूर्ण वळसा द्या. मधेच थांबून पुन्हा सुरुवात केली की तेवढ्या जागी खिळा थंडावलेला असतो आणि पिळात उडी दिसते. पीळ देताना खिळा थोडा वाकतोच. तो पुन्हा तापवून लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोड्याने सरळ करा, म्हणजे पिळाच्या कडा बोथट होत नाहीत.

शेवटचा ताव वाकासाठी. निमुळता भाग तापवून दीड इंची पाइपाभोवती ओठाच्या दिशेने वळवा. खुंटी सपाट फरशीवर पाठीवर ठेवून ती डुगडुगते का ते पाहा. डोक्याची मागची कड बाहेर येत असेल तर ती थंड झाल्यावर कानशीने उतरवा. खुंटी पाण्यात विझवण्याची गरज नाही. ती राखेत किंवा विटेवर आपोआप निवू द्या. स्क्रूची दोन भोके थंड झाल्यावर ड्रिलने पाडावीत.

९. तेल आणि भिंत

काळी खपली तारेच्या ब्रशने निघेल तेवढी काढा आणि खुंटी पुन्हा किंचित तापवा. इतकीच की तेल लावल्यावर धूर निघेल पण ते पेट घेणार नाही. सुती कापडाने जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा. हे तेल उष्णतेने सुकून काळपट, घट्ट थर धरते आणि विदर्भात ते घाण्यावर सहज मिळते. जाड थर लावला तर तो चिकट राहतो, त्यामुळे दोन-तीन पातळ हात द्यावेत. तेल लावलेले कापड चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल हवेत सुकताना उष्णता सोडते, आणि चुरगळलेल्या कापडात ती कोंडून ते आपोआप पेटू शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर ही भीती अधिक. कापड पाण्यात बुडवून टाकावे किंवा दोरीवर मोकळे पसरून पूर्ण सुकल्यावर फेकावे.

विटांच्या भिंतीत खुंटी बसवताना भोक विटेत पडेल असे पाहा, दोन विटांमधल्या सांध्यात नको. आठ नंबरचे प्लग आणि दोन इंची स्क्रू दप्तर, पिशव्या, ओला रेनकोट यांना पुरेसे आहेत. लोखंड वाकण्याच्या कितीतरी आधी प्लग सुटतो, म्हणून सायकल टांगायची असेल तर अँकर बोल्ट घ्यावा लागेल आणि भोकेही त्या मापाची पाडावी लागतील.